कॅलेंडरवरचे बंड्याचे खाडे

पत्र: मावशी, नमस्कार. आम्ही नाशिकला असतो. आमचा बंड्या लॅब्रडोर आहे, दिवाळीत १३ पूर्ण होतील. फेब्रुवारीत किडनीचं निघालं, तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, वाढला की वाईट) ४.१ होतं, आता ७.८ आलंय. उलट्या होतात, जेवण जवळजवळ बंद, मागचे पाय धरत नाहीत, रात्री जागेवरच शू होते. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा विचार करा. मिस्टर म्हणतात, मला बघून शेपटी हलवतोय तोवर असलं काही बोलायचं नाही. सासूबाई दत्तभक्त, त्या म्हणतात हे पाप आहे, त्याचं त्याला जाऊ दे. मुलगा कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो माझी परीक्षा होईपर्यंत थांबा, अजून १९ दिवस आहेत. आणि रात्री तीनला उठून चादरी बदलते ती मी. परवा चादर पिळताना मनात आलं, सुटू दे आता हा. आणि लगेच वाटलं, सुटायचंय कुणाला, त्याला का मला? तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत बघवत नाही. मी स्वार्थी आहे का? आणि ती वेळ आली हे कळतं कसं?

उत्तर:

प्रिय ताई,

तुम्ही स्वार्थी नाही. हे पहिल्या ओळीत लिहितेय कारण तुम्ही आधी तेच शोधणार हे मला माहितीये.

चार-पाच महिने रोज रात्री तीनला उठणाऱ्या माणसाला सुटका हवीशी वाटते. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करणाऱ्या मुलीला वाटते, सासऱ्यांचं करणाऱ्या सुनेला वाटते, फक्त बोलत कुणी नाही. दमलात म्हणून माया कमी झाली असं नसतं हो. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण मला पत्र वाचून असं वाटलं की चौघं चार वेगवेगळ्या बंड्यांबद्दल बोलतायत. मिस्टर सकाळी सातचा बंड्या बघतात, जो त्यांना बघून मान वर करतो. मुलाच्या डोळ्यांसमोर सुट्टीतला बंड्या आहे. सासूबाईंच्या पोटात पापाची भीती आहे. आणि पहाटे तीनचा बंड्या घरात फक्त तुम्ही एकटीने बघितलाय. त्यामुळे त्याचे हाल तुम्हाला सगळ्यात आधी दिसले यात काही नवल नाही.

आता शेपटीचं. ही गोष्ट मला स्वतःला भोगून कळली म्हणून जरा सविस्तर सांगते. आमची सोनी, गावठी कुत्री, डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगखाली सापडलेली, १४ वर्षं होती आमच्याकडे. पुढच्या उजव्या पायाच्या हाडाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे दुखणं औषधांना दाद देणार नाही, आता फार ताणू नका. पण गौरी-गणपती चार दिवसांवर आले होते, घर पाहुण्यांनी भरणार होतं, आणि सोनी सकाळी दूधवाल्याची बेल वाजली की शेपटी आपटायची, कपाटाच्या दाराला टप टप टप, आणि मी म्हणायचे बघा, बघा, अजून किती जीव आहे तिच्यात. विसर्जन झालं की बघू म्हटलं. गौरी जेवल्या त्या रात्री तिचा तो पाय मोडला, झोपल्या जागी, नुसतं कूस बदलताना. कॅन्सरने पोखरलेलं हाड असं मोडतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती जी ओरडली ते अजून कानात आहे. रात्री दीड वाजता कोण डॉक्टर येणार, सकाळी साडेआठपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आणि ताई, सकाळी दूधवाल्याची बेल वाजली तेव्हा, त्या अवस्थेत, तिने शेपटी आपटली. दोनदा.

म्हणून सांगते, शेपटी हा पुरावा नाही. कुत्रं आपलं माणूस दिसलं की शेपटी हलवणार, दुखत असलं तरी हलवणार. ते सहसा कण्हत नाही, रडत नाही, तक्रार करत नाही, म्हणून आपल्याला वाटतं बरं चाललंय. दुखणं दुसरीकडे दिसतं. पडल्या पडल्या धापा टाकणं, रात्री एका जागी न टिकणं, पाठीची कमान करून डोकं खाली घालून बसणं, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन एकटं पडणं, आवडीचा बिस्किटाचा पुडा वाजला तरी तोंड फिरवणं. यातलं काय काय बंड्याला होतंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता रिपोर्टचं. क्रिएटिनिन वाढायला लागतं तेव्हाच किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं, म्हणून तर आजार कळतो तोवर उशीर झालेला असतो, तुमचं लक्ष नव्हतं असं मनात आणू नका. कुत्र्यांच्या किडनीच्या आजाराचे ४ टप्पे धरतात आणि क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की तो चौथा, शेवटचा. पण एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आकडा आहे त्यापेक्षा फुगलेला येतो, म्हणून दोन-तीन दिवस सलाइन देऊन परत रक्त तपासलं का? तपासलं असेल आणि तरी ७.८ असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर हे एकदा करून घ्या, म्हणजे पुढे कधी "अजून काही करता आलं असतं का" हा किडा डोक्यात वळवळणार नाही. मात्र आकडा थोडा खाली आला तरी गेलेली किडनी परत येत नाही, मिळतात ते दिवस मिळतात, हेही घरात सगळ्यांना सांगा.

जे दिवस आहेत ते त्याला सोपे जातील असं बरंच करता येतं. सगळ्यात आधी पाणी. रात्री शू होते म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवणारे लोक मी बघितलेत, हे चुकूनही करू नका, त्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही म्हणून तर एवढी शू होते, पाणी तोडलं तर तो एका रात्रीत ढासळेल. डॉक्टर हो म्हणत असतील तर घरच्या घरी कातडीखाली सलाइन द्यायला शिकून घ्या, दिसतं तेवढं अवघड नाही. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत पाच-दहा मिनिटं ठेवायची म्हणजे गार लागत नाही, खिडकीच्या ग्रिलला अडकवायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर ओढायची आणि सुई त्या तंबूत. पाठीवर उंटासारखं टेंगूळ येतं, मग हळूहळू ते घसरत पुढच्या पायाकडे उतरतं, पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं पण ते काही तासांत जिरतं. किती द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं, विशेषतः हृदयाचा काही त्रास असेल तर.

जेवत नाही याचं कारण बहुतेक मळमळ असते, आणि या आजारात तोंडात, जिभेच्या कडेला फोडही येतात. ओठ उचलून बघा. तोंडाला उग्र, लघवीसारखा वास येत असेल तर समजा. मळमळ थांबवायचं औषध चालू आहे का विचारा, ते न देता नुसतं घास भरवत बसलं तर बिचारा अजूनच तोंड मिटून घेतो. किडनीचं पथ्याचं खाणं म्हणजे कमी फॉस्फरसवालं, ते फेब्रुवारीत महत्त्वाचं होतं, पण आता या टप्प्याला डॉक्टरांशी बोला आणि जे पोटात जाईल ते जाऊ द्या, मऊ भात, थोडं चिकनचं पाणी (कांदा-लसूण न घालता), कोमट करून, कोमट केलं की वास सुटतो आणि कधी कधी त्यानेच तो दोन घास खातो. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काही म्हणजे काही देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या लागू शकतात, त्यात याची किडनी अशी.

पावसाचे दिवस आहेत म्हणून हे आवर्जून सांगते. ओल्या, शू लागलेल्या केसांवर माश्या बसतात आणि एका दिवसात अळ्या होतात, ते बघणं फार वाईट असतं. शेपटीखालचे, मांड्यांमधले केस कात्रीने बारीक करून टाका, कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. मेडिकलमध्ये आजारी माणसांसाठी अंडरपॅड मिळतात ते चादरीखाली घाला, चादरी पिळण्याचं निम्मं काम वाचेल. दर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर कोपराला आणि कमरेच्या हाडावर बेडसोअर होतात. लादीवरून मागचे पाय घसरतात तिथे जुनी योगा मॅट टाका. उभं करताना मोठा टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घालून दोन्ही टोकं वर धरा, तुमची कंबरही वाचेल आणि त्याला आपण चाललो असं वाटेल. लॅब्रडोर २५-३० किलोचं धूड, एकटीने उचलू नका हो.

आता वेळ कशी कळते. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच, आणि त्यावर दुधाचे खाडे लिहीत असाल. तसेच बंड्याचे खाडे लिहा. रोज रात्री झोपताना एकच प्रश्न, आजचा दिवस त्याचा होता का नव्हता? काही खाल्लं, शांत झोपला, अंगणात नाक वर करून वास घेतला, कुणाच्या तरी हातावर हनुवटी ठेवली, तर काही लिहू नका. नाहीतर फुली. फक्त हे तुम्ही एकटीने नका लिहू, घरातले तिघं आळीपाळीने लिहा. आठवडाभरात फुल्या जास्त झाल्या की कुणी कुणाला पटवायची गरज उरत नाही.

मिस्टर बँकेत वगैरे असतील, आकडेच मानत असतील, तर त्यांच्यासाठी आकड्यांचंही आहे. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी २००४ मध्ये एक मोजमाप मांडलं, जगभर डॉक्टर ते वापरतात. वेदना (यात श्वासाचा त्रासही येतो), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी मार्क द्यायचे, १० म्हणजे उत्तम. एकूण ७० पैकी ३५ च्या वर असेल तर सेवा करत राहायला हरकत नाही. मिस्टरांना एकट्याला बसून मार्क द्यायला सांगा, तुम्ही वेगळे द्या, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. भांडू नका, नुसते ठेवा.

सासूबाईंशी बोलताना मात्र आकडे नकोत. त्या दत्तभक्त आहेत, ज्यांच्या देवाच्या पायाशी चार कुत्री आहेत त्यांना बंड्याची माया नाही असं होणारच नाही, पापाची भीती आहे ती मायेपोटीच आहे. त्यांना १९२८ सालची साबरमती आश्रमातली गोष्ट सांगा. आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, जनावरांच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती, कूस बदलणंही त्याला सोसवत नव्हतं. गांधीजींनी, ज्यांनी आयुष्यभर अहिंसा सांगितली त्यांनी, आश्रमातल्या लोकांशी बोलून त्या वासराला इंजेक्शन देऊन मुक्त केलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. तरी त्यांनी जाहीर लिहिलं की हे मला अहिंसेला धरूनच वाटतं, कारण यात माझा कसलाच स्वार्थ नव्हता, फक्त त्या जिवाची वेदना संपवायची होती. सासूबाईंना पटेल न पटेल, पण एक करा, आज रात्री नाही तर उद्या, त्यांना बंड्याजवळ अर्धा तास बसवा. आणि "त्याचं त्याला जाऊ दे" म्हणजे काय होतं ते डॉक्टरांकडून त्यांना ऐकू द्या. किडनी पूर्ण थांबल्यावर येणारं मरण झोपेतलं नसतं. उलट्या, आचके, शुद्ध हरपणं, असे कधी कधी काही दिवस जातात.

मुलाचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे खरं तर. १९ दिवस ७.८ वाल्या कुत्र्याला फार आहेत. त्याला आजच खरं सांगा, "बरा आहे, तू अभ्यास कर" असलं काही सांगू नका, आईबापांनी असं लपवलेलं मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. शनिवारी रात्री कोल्हापुरात बसमध्ये बसला की रविवारी सकाळी नाशकात, रात्रीच्या बसने परत. एक दिवस अभ्यास बुडेल. बुडू दे. तेवढंही जमणार नसेल तर व्हिडिओ कॉल, पण त्याच्यासाठी बंड्याला तीन आठवडे ताणायचं नाही, हे वडिलांनी सांगितलं तर जास्त बरं.

ते कसं करतात हे माहीत नसल्यामुळे भीती जास्त वाटते, म्हणून तेही सांगते. डॉक्टर घरी येत असतील तर घरीच करा, तो त्याच्या जागेवर असेल. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा, "पहिल्यांदा पूर्ण बेशुद्ध करणार ना?" हे विचारायला लाजू नका, उत्तर गोलमोल आलं तर दुसरे डॉक्टर बघा. बंड्याच्या अंगात पाणी कमी असल्याने शीर पटकन सापडणार नाही, म्हणून आदल्या दिवशी किंवा थोडं आधी पायाला सलाइनची सुई लावून ठेवता येईल का तेही विचारा, ऐन वेळी टोचाटोची नको. नंतर डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. एखादा खोल श्वास येतो, पायाचा स्नायू थरथरतो, शू-शी होते. तो परत जागा झालाय किंवा त्याला कळतंय असं त्याचा अर्थ नाही, तोवर तो गेलेला असतो. पण कुणी सांगितलेलं नसेल तर जन्मभर डोक्यात बसतं, मिस्टरांना हे आधी सांगून ठेवा. खाली जाड टॉवेल घाला. डॉक्टरांचे पैसे आधीच देऊन टाका, त्या क्षणी पाकीट शोधायला लागू नये. डोकं कुणाच्या मांडीवर असेल ते आधी ठरवा, आणि ज्याला बघवणार नाही त्याने बाहेर बसावं, त्याला कुणी काही म्हणू नये.

पुढचं सुद्धा आधीच ठरवा. शेत किंवा स्वतःची जागा असेल तर पुरता येईल, पण चार-पाच फूट खोल आणि विहिरीपासून लांब, कारण ते औषध शरीरात राहतं, कुणा जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं. गोदावरीत सोडायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. नाशकात काय सोय आहे ते डॉक्टरांना आणि महापालिकेत आजच विचारून ठेवा. मुंबईत मालाडला महापालिकेची छोट्या प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे, पण प्रत्येक गावात अशी नसते आणि त्या दिवशी फोनाफोनी करण्याचं त्राण कुणाच्यात नसतं.

तुमच्या पत्रात काय काय आहे ते परत बघितलं, माझं मत विचारलंत म्हणून सांगते. रक्ताची फेरतपासणी झालेली असेल, मळमळीचं औषध चालू असूनही तो खात नसेल, तर मी मुलाला या शनिवारी बोलावीन आणि सोमवारच्या पुढे नेणार नाही. मी सोनीच्या वेळी जे दिवस ताणले ते तिला भोगायला लागले, आणि त्या दिवसांत मला काय मिळालं तर एक मोडलेला पाय. तुम्हाला बंड्याच्या बाबतीत असा एखादा दिवस मिळण्याआधी निर्णय घ्या असं मनापासून वाटतं. रविवारी सगळे घरी असतील. सासूबाई गुरुवारी नैवेद्याचा पहिला घास त्याला घालतात की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण घालत असतील तर रविवारी गुरुवार समजून घालू द्या, पेढ्याचा कण जिभेला लावला तरी चालेल आता.

नंतरचं मी फार लिहीत नाही, ते आलं की परत पत्र पाठवा. एवढंच की "कुत्रंच तर होतं" म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका आणि पट्टा, भांडं कुणी घाईने उचलून टाकलं तर टाकू देऊ नका, तुम्हाला वाटेल तेव्हा उचला. रात्री तीनला जाग येत राहील काही आठवडे, मला दोन महिने येत होती.

आणि ताई, आज रात्री तीनचा अलार्म तुमच्या मोबाइलवर लावू नका, मिस्टरांच्या मोबाइलवर लावा. चादर कुठे आहे, अंडरपॅड कुठे आहे ते दाखवून ठेवा आणि दुसऱ्या खोलीत झोपा. उठतील ते. बंड्याला त्या वेळी त्यांनी एकदा बघायला हवं.

तुमची,
मावशी